दीक्षाभूमीबाहेरचे पुस्तकांचे स्टॉल : ४ स्टार

दसऱ्याला नागपुरात असाल तर स्तूपाच्या रांगेत लागायच्या आधी पुस्तकांच्या स्टॉलवर चक्कर मारा. संविधान, बाबासाहेबांची भाषणं, पंचशील ध्वज, कॅलेंडरं सगळं मिळतं, पण मी खरं तर थांबते ते विधींच्या पातळ पुस्तिकांपाशी. नामकरण, मंगल परिणय, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन (माणूस गेल्यावरचा विधी), पालीतली गाथा आणि खाली मराठी अर्थ.

आता बघा, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्या वर्षीच्या दसऱ्याला, इथे लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, म्हणजे दोन महिनेसुद्धा नाही मिळाले. श्राद्ध करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून घेणार नाही हे प्रतिज्ञांमध्येच आलं, पण हळद लावायची का, बाळाच्या बारशाला काय म्हणायचं, हे घराघरातल्या बायाबापड्यांनी आणि विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी करत करत ठरवलं, अजूनही ठरवतायत. म्हणून वेगवेगळ्या प्रकाशनांच्या पुस्तिका शेजारी ठेवल्या तर त्रिशरण-पंचशील तेच, पुढचा क्रम मात्र ज्याचा त्याचा. लोक म्हणतात एकसारखं छापा, मला तर हीच धर्म जिवंत असल्याची खूण वाटते, जिथे सगळं ठरून गेलंय तिथे कोण कशाला वाद घालेल?

वाद काउंटरवर फुकट ऐकायला मिळतो. एका मुलीचं लग्न ठरलेलं, आई म्हणे पांढरीच साडी नेसायची, मुलगी म्हणे पांढरी वंदनेपुरती, रिसेप्शनला मरून रंगाची घेणार. मग आईने हळूच विचारलं, दादा यात चांगला दिवस कसा काढायचा दिलंय का? स्टॉलवाले दादा शांतपणे म्हणाले, "माय, मुहूर्त नाही पाह्यचा, रविवार पाहा, पावण्यांना सुट्टी असते." पुस्तिका घेतली, वर ध्वजही घेतला.

तक्रारी आहेतच. पालीत छपाईच्या चुका भरपूर, कागद हलका, आणि गर्दीत नेटवर्क जातं त्यामुळे यूपीआय चालेल याची खात्री नाही, सुट्टे पैसे न्या. भाव ठीक, चाळायला कुणी नाही म्हणत नाही, उलट "वाचा ताई, मग घ्या" म्हणतात. निवांत बघायचं असेल तर दसरा सोडून १४ ऑक्टोबरला जा, तेव्हाही लोक असतात पण दसऱ्याएवढे नाही. दसऱ्यालाच जाणार असाल तर डबा नका नेऊ, अन्नदानाचे स्टॉल जागोजागी असतात.