शिशाच्या दोरीसाठी घेतलेला साडेआठ फुटी ट्रोलिंग रॉड : उजनीवरच्या आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी होडीमागून गळ ओढण्यासाठी, म्हणजे ट्रोलिंगसाठी, साडेआठ फुटांचा, दोन तुकड्यांत सुटणारा, काचतंतू आणि कार्बन यांच्या मिश्रणाचा रॉड घेतला आणि मे महिन्यापर्यंत उजनीच्या जलाशयात तो जवळजवळ प्रत्येक सुट्टीला वापरला. त्याआधीचे वर्षभर माझ्या हातात साडेसहा फुटांचा, पूर्ण कार्बनचा, ताठ रॉड होता. किनाऱ्यावरून फेकण्यासाठी तो उत्तम होता. परंतु शिशाचा गाभा असलेल्या दोरीला तो अजिबात मानवला नाही. या दोन रॉडांमधला फरक ज्या किमतीने मला कळला, ती इतरांना मोजावी लागू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी दोरीविषयी सांगणे भाग आहे, कारण रॉड दोरीवरून निवडायचा असतो. लेड कोअर दोरीच्या आत शिशाची बारीक तार असते आणि तिच्यावर विणलेले वेष्टण असते. दर दहा यार्डांवर, म्हणजे साधारण नऊ मीटरांवर, वेष्टणाचा रंग बदलतो; त्यामुळे किती रंग पाण्यात गेले हे मोजले की आमिष किती खोल गेले असेल याचा अंदाज बांधता येतो. होडीचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या आसपास असेल तर एका रंगामागे सुमारे पाच फूट खोली धरतात. वेग कमी केला की दोरी आणखी खाली बसते, वाढवला की वर येते. होडी वळवली की आतल्या बाजूचे आमिष खाली जाते आणि बाहेरच्या बाजूचे उचलले जाते. मी २७ पाउंडी दोरीचे पाच रंग वापरतो, त्यांच्यामागे रिळावर भरणीची साधी दोरी आणि पुढे आठ मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पातळीखालचा, आहे. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशा बातम्या येऊ लागल्या, तरी धरणाच्या भिंतीकडे, भीमानगरच्या अंगाला, खोल पाणी शिल्लक असते आणि उन्हाच्या वेळी शिवडा हा मोठा मासा तिथेच तळाशी बसतो. साधी दोरी तिथपर्यंत पोहोचत नाही. पाच रंग पोहोचतात.

आता मुख्य मुद्दा. ही दोरी ताणत नाही. नायलॉनच्या तंगुसाला मासा हिसका देतो तेव्हा तंगूस थोडा लांबतो आणि तो हिसका पोटात घेतो; शिशाच्या दोरीचे घट्ट वेष्टण तसे करत नाही. आमच्या घरी दोन पिढ्या यंत्रमाग चालले, त्यामुळे लहानपणापासून एक गोष्ट पाहिली आहे : ताण्याच्या धाग्यात लवचीकपणा नसेल, तर मागाच्या प्रत्येक धक्क्याला तो तुटतो, आणि म्हणून धाग्याने न दिलेली सैल दुसऱ्या कशाने तरी द्यावी लागते. इथे ती सैल रॉडने द्यायची असते. ताठ रॉड आणि न ताणणारी दोरी अशी जोडी जमवली की माशाच्या तोंडात गळ टिकत नाही, भोक मोठे होत जाते आणि होडीजवळ येता येता मासा सुटतो. पहिल्या रॉडवर माझे चार शिवडे असेच गेले. त्यांतला एक तर होडीपासून दोन हातांवर आला होता आणि मी मासा वर घेण्याची अडकवणी पाण्यात घालत असतानाच त्याने डोके झटकले.

तो ताठ रॉड मला एका दुकानदाराने ‘मोठ्या माशासाठी कडकच काठी पाहिजे’ असे सांगून दिला होता. समजूत सर्वत्र पसरलेली असल्याने त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु दुसऱ्यांदा खरेदीला गेलो तेव्हा मी लिटरभर पाण्याची भरलेली बाटली बरोबर नेली. रॉड आडवा धरून टोकाला ती बाटली टांगली. जलद क्रियेचा (क्रिया म्हणजे काठी वाकण्याची रीत) म्हणून विकला जाणारा रॉड फक्त वरच्या पावभागात वाकला आणि खाली सरळ काठी राहिली. मी घेतलेला रॉड मात्र टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत एकसारख्या कमानीत वाकला. लेड कोअरसाठी हवी ती हीच मध्यम क्रिया. ताकद कमी नको; क्रिया सावकाश हवी. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. माझ्या रॉडवर १२ ते २५ पाउंड अशी मर्यादा छापलेली आहे आणि तेवढी पुरते.

वाकलेल्या अवस्थेतच आणखी एक गोष्ट पाहिली : दोरी कुठे काठीला घासते का. ट्रोलिंगचे रीळ काठीच्या वर बसते, दोरी ज्यांतून जाते त्या कड्याही वरच्या बाजूला असतात. कड्या कमी असतील तर दोन कड्यांमध्ये काठी वर येऊन दोरीला टेकते आणि त्या जागी झीज सुरू होते. माझ्या रॉडला टोकाची धरून दहा कड्या आहेत आणि दोरी कुठेही टेकत नाही.

डिसेंबरमध्ये या रॉडचा खरा गुण कळला. आमच्या होडीवाल्या मामांनी आयुष्यभर जाळेच टाकलेले. रॉडशी त्यांचा संबंध नव्हता. पहिला झटका बसताच मी सवयीने काठी होडीवरच्या धारकातून उपसून मागे खेचायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, वाकू द्या की तिला! ओढताय कशाला, होडी ओढतीयच की.” त्यांचे बोलणे शब्दशः बरोबर होते. दोरी ताणत नसल्यामुळे होडीच्या गतीनेच गळ रुततो; वेगळा झटका देण्याची गरज नसते आणि तो दिला तर नुकसान होते. त्या दिवसापासून मी काठी धारकात तशीच वाकू देतो, मामा वेग कमी करतात, आणि कमान स्थिर झाली की मगच हातात घेतो. रिळाचा ब्रेक स्प्रिंग काट्यावर एक ते सव्वा किलोला सुटेल इतकाच ठेवतो. मार्चमध्ये साडेचार किलोचा शिवडा या पद्धतीने आला. त्याच्या जबड्यात गळ जिथे रुतला होता, तिथले भोक गळाच्या तारेएवढेच होते. ते पाहून मला फार समाधान वाटले.

मऊ टोकाचा दुसरा फायदा मी खरेदी करताना धरलाच नव्हता. आमिष नीट पोहत असेल तर टोक एका ठेक्यात बारीक थरथरत राहते. थरथर थांबली की गळाला शेवाळ किंवा पाने लागली असे समजावे. टोक थांबून थांबून खाली टोचू लागले तर आमिष तळाला घासते आहे, तेव्हा एक रंग गुंडाळावा. उजनीच्या पोटात जुन्या वस्त्यांच्या भिंती आणि बाभळींची खोडे आहेत. पाणी उतरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, त्यावरून खाली काय काय असेल याची कल्पना करता येते. आधीच्या ताठ टोकावर ही सूचना मिळतच नसे आणि मी दोन महागडी आमिषे व एक पूर्ण रंग तळाशी सोडून आलो. नव्या रॉडवर आठ महिन्यांत एकच आमिष गेले.

उणिवाही आहेत. काठी वजनदार आहे. धारकात ठेवून वापरायला ठीक, हातात तासभर धरणे अवघड. किनाऱ्यावरून फेकण्यासाठी ती निरुपयोगी आहे. मुठीचा फोम एप्रिलच्या उन्हात सैल झाला आणि मला तो पुन्हा चिकटवावा लागला. टोकाच्या कडीच्या आतले सिरॅमिकचे वर्तुळ फेब्रुवारीत तडकले. डोळ्यांना काही दिसत नव्हते. कापसाचा बोळा कडीतून फिरवला तेव्हा एका जागी तंतू अडकून राहिले. दोरीचे वेष्टण तिथेच पिंजत होते. कडी बदलायला दीडशे रुपये लागले, पण त्याआधी दोरीचा पहिला रंग कापून टाकावा लागला. आता प्रत्येक फेरीनंतर मी सर्व कड्या कापसाने तपासतो. पुण्याकडे जाणाऱ्या एसटीत नेण्यासाठी मी पाच फुटांची पीव्हीसी नळी दोन्हीकडे टोपणे लावून केली आहे. अखंड साडेआठ फुटी रॉड घेतला असता तर हे जमले नसते.

कडी निवडताना गाठीचाही विचार करावा. तंगूस जोडण्यासाठी मी वेष्टण मागे सारून वीतभर शिसे मोडून काढतो, रिकाम्या वेष्टणात तंगूस सरकवतो आणि वर गाठ घट्ट ओढतो. अशी गाठ बारीक बसते आणि कड्यांतून अडखळत नाही. शिसे दातांनी तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ते विषारी आहे, कृपया तसे करू नका. तुकडे डबीत भरून घरी आणावेत आणि भाकरी सोडण्याआधी हात साबणाने धुवावेत.

धारकाची जागाही रॉडइतकीच महत्त्वाची ठरली. साडेआठ फुटांची काठी होडीच्या काठाला आडवी बसवली की दोरी इंजिनाच्या पंख्यापासून दूर राहते. मात्र जोराचा मासा लागला की लहान होडी त्या बाजूला कलते. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले, ते याच पाण्यात. आम्ही तेव्हापासून जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडत नाही आणि मेमध्ये दुपारनंतर वारा उठू लागला की पाचही रंग गुंडाळून किनारा गाठतो.

रॉड मला साडेचार हजारांना पडला. आज पुन्हा घ्यायचा झाला तर हाच प्रकार घेईन, फक्त मूठ फोमऐवजी बुचाची पाहीन आणि टोकाची एक जादा कडी पहिल्याच दिवशी विकत घेऊन ठेवीन.