इंटेलिजे आयडिया : आठ महिने नावांखालच्या रेघा वाचताना

खानापूर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्रासाठी मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत बिलाचा प्रोग्रॅम लिहितो आणि गेले आठ महिने त्यासाठी जेटब्रेन्स कंपनीचा इंटेलिजे आयडिया हा कोड लिहिण्याचा एडिटर वापरत आहे. सुरुवातीचे काही आठवडे त्यातील एका खुणेचा अर्थ मी चुकीचा लावत होतो. काही व्हेरिएबलच्या (प्रोग्रॅममध्ये एखादी किंमत, म्हणजे आकडा किंवा मजकूर, साठवणाऱ्या जागेच्या) नावांखाली बारीक सरळ रेघ दिसे आणि ती दिसली की काहीतरी चुकले आहे असे समजून मी नाव बदलून पाही. रेघ तशीच राही, प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार चाले.

ती रेघ चूक दाखवत नाही. चुकीसाठी लाल नागमोडी रेघ येते. सरळ रेघेचा अर्थ एवढाच, की या स्थानिक, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका भागापुरत्या, व्हेरिएबलला एकदा किंमत दिल्यानंतर पुढे कुठेतरी दुसरी किंमत दिली आहे. लूपमधल्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागातल्या) मोजणीच्या ‘आय’खाली किंवा बेरजेच्या ‘टोटल’खाली ती असणारच, कारण बदलत जाणे हेच त्यांचे काम आहे. ज्याची किंमत बदलणार नाही असे आपण गृहीत धरले आहे, त्याच्याखाली रेघ दिसली तर मात्र थांबले पाहिजे.

हे मला एका दहा दिवसांच्या बिलावरून कळले. गायीचे दूध घालणाऱ्या एका शेतकऱ्याला म्हशीच्या दुधाचा दर लागला होता. ‘रेट’ हे व्हेरिएबल मी लूपच्या बाहेर गायीच्या दराने सुरू केले होते, आत म्हशीची नोंद आली की त्याला म्हशीचा दर देत होतो आणि पुढच्या नोंदीला ते पुन्हा गायीच्या दरावर आणायचे राहून गेले होते. ‘रेट’खाली रेघ पहिल्या दिवसापासून होती. त्यावर कर्सर ठेवला तेव्हा त्याच्या सगळ्या जागा उजळल्या. किंमत वाचली जाते तिथला रंग वेगळा आणि दिली जाते तिथला वेगळा असल्याने लूपच्या आतली ती ओळ लगेच नजरेत भरली. ‘रेट’ लूपच्या आत आणून एकाच ओळीत ठरवला, त्याला ‘फायनल’ (पुन्हा किंमत देऊ न देणारा शब्द) लावले आणि रेघ गेली. जादा गेलेली रक्कम पुढच्या बिलातून वळती करावी लागली, आणि हिशेबाला काटेकोर असलेल्या त्या काकांना हे सांगणे मला फार जड गेले.

लॅम्डा, म्हणजे नाव न देता जागीच लिहिलेले छोटे फंक्शन, लिहिणाऱ्यांना ही रेघ आणखी उपयोगी आहे. २०१४ साली जावा ८ मध्ये लॅम्डा आले तेव्हापासून त्यांच्या आत बाहेरचे स्थानिक व्हेरिएबल वापरायचे असेल, तर त्याची किंमत बदललेली चालत नाही. रेघ असलेले नाव तिथे वापरले तर प्रोग्रॅम कंपाइल होणार नाही, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात उतरणार नाही, हे आधीच कळते.

गडद थीममध्ये रेघ फिकट दिसते, पण कलर स्कीमच्या सेटिंगमध्ये तिचा रंग बदलता येतो. खरी उणीव वेगळी आहे : ही खूण स्थानिक व्हेरिएबल आणि पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून दिलेली किंमत) यांच्यापुरतीच आहे, क्लासच्या फील्डखाली, म्हणजे संपूर्ण क्लासमध्ये वापरता येणाऱ्या व्हेरिएबलखाली, ती येत नाही. शेतकऱ्यांच्या उचलीची रक्कम मी फील्डमध्ये ठेवतो, त्यामुळे ती कुठे कुठे बदलते हे प्रत्येक बिलाआधी मी स्वतः शोधून तपासतो.