गालिचा की पट्टा? पळणाऱ्या किकसाठी दोन उपाय

ड्रमकिट सरकतं म्हणजे खरं तर किक सरकते, पायाच्या पेडलने वाजवायचा तो मोठा आडवा ड्रम. बाकीची मंडळी जागेवरच असतात. जुनी शहाबादी फरशी असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. पण हल्ली कार्यालयांच्या स्टेजवर ग्रॅनाइट, नाहीतर तोंड दिसेल अशी टाइल, आणि तिच्यावर आपली २२ इंची किक. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत माझा उजवा पाय सरळ झालेला असायचा. मग मुखड्यावर परतताना एका हाताने हाय-हॅट, म्हणजे स्टँडवरची झांजांची जोडी, चालू ठेवायची आणि दुसऱ्याने किकची कड धरून ती जवळ ओढायची. समोरच्यांना वाटायचं, ही याची स्टाइल दिसते.

चिकटपट्टीचं फार लांबवत नाही. धूळ असेल तर ती धरत नाही, आणि धरली तर निघताना डाग ठेवते. मग कार्यालयाच्या मॅनेजरसमोर उकिडवं बसून रॉकेलच्या बोळ्याने फरशी पुसायची. किकपुढे वीट लावणारेही पाहिलेत. ग्रॅनाइटवर वीटही किकबरोबर फिरायला निघते. लाकडी मंडप असेल तर मात्र मंडपवाल्याला चहा पाजून किकपुढे एक पट्टी ठोकून घ्यावी. त्याला तोड नाही. फक्त आधी त्याला विचारा. किकच्या पुढच्या दोन पायांच्या टोकांतले खिळे बाहेर काढून त्याची मॅट फाडलीत, तर पुढच्या वर्षी तो तुम्हाला ओळख दाखवणार नाही.

उपाय कुठलाही करा, किकचे पाय आधी बघा. दोन्ही सारखेच बाहेर हवेत, पुढे झुकलेले, आणि किकचं पुढचं तोंड जमिनीपासून बोटभर वर. टोकांचं रबर जुनं झालं की दगडासारखं कडक होतं. ते पॉलिश पेपरने थोडं खरवडलं आणि ओल्या फडक्याने पुसलं की पुन्हा धरू लागतं. निम्मी तक्रार इथेच मिटते. माझी उरलेली निम्मी मिटली नाही.

आता गालिचा. ड्रमसाठी म्हणून मिळतो तो, साधारण २ मीटर बाय १.६, खाली रबराची पाठ. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. किकचे खिळे त्यात रुततात. हाय-हॅटचा स्टँड आणि फ्लोअर टॉम, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभा असतो तो ड्रम, हेही जागेवर राहतात. प्रत्येक पायाच्या जागी रंगीत पट्टीच्या खुणा करून ठेवल्या की मांडामांड निम्म्या वेळात होते, आणि प्रत्येक वेळी सगळं त्याच अंतरावर येतं. टाइलच्या हॉलमध्ये आवाज जो भांड्यासारखा वाजतो, तोही खालून थोडा मऊ होतो, निदान मला तरी तसं वाटतं. रियाजाची खोली ठरलेली असेल, किंवा हॉटेलात रोज एकाच कोपऱ्यात वाजवत असाल, तर गालिचा आणा आणि पुढचं वाचू नका.

मी मात्र डोंबिवलीहून निघतो. किट टेम्पोतून जातं तेव्हा प्रश्न नसतो. पण बऱ्याच ठिकाणी किट तिथलंच मिळतं, आणि आपण पेडल, स्नेअर (दोन गुडघ्यांमधला छोटा ड्रम), झांजा घेऊन लगेजच्या डब्यातून जातो. त्यात खांद्यावर ती गुंडाळी. पावसाळ्यात एकदा भिजली की तीन दिवस वाळत नाही, आणि घरात तो वास! तरी हेही मी सहन केलं असतं. मला नकोसं केलं ते अक्षतांनी.

सकाळी लग्न, संध्याकाळी त्याच स्टेजवर रिसेप्शन आणि आमची गाणी. मध्ये झाडू फिरला होता म्हणे. पण अक्षता कशा असतात तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांनी अंथरुणातही सापडतात. त्यांच्यावर गालिचा पसरला की रबराची पाठ फरशीला टेकतच नाही, दाण्यांवर तरंगते. सायकलच्या चाकात छर्रे असतात ना, तसं. त्यात स्टेज अरुंद. मागे फुलांची सजावट, तिला धक्का लावायचा नाही अशी ताकीद. म्हणून गालिचा मागून दुमडावा लागला आणि माझं स्टूल गालिच्याबाहेर ग्रॅनाइटवर आलं. तिसऱ्या गाण्याला किक, टॉम, झांजा, सगळं गालिच्यासकट नवरा-नवरीच्या सोफ्याकडे निघालं. पूर्वी निदान एकटी किक पळायची.

घरी येऊन विचार केला. आधी गालिचा सरकत नव्हता तो नुसता रबरामुळे नव्हे, माझं स्टूल त्याच्यावर होतं म्हणून. पाय किकला पुढे ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने अंग मागे रेटलं जातं, आणि ते अंग स्टूलावर असतं. किक आणि स्टूल एकाच कापडावर असतील तर ढकलणारा आणि धरून ठेवणारा एकच माणूस. स्टूल बाहेर गेलं की ती जोडणी तुटते. मग किक आणि स्टूल सरळ एकमेकांना बांधले तर? युक्ती माझी नाही. जुने ड्रमर स्टूलाला दोरी बांधायचे हे मी ऐकून होतो, आणि ऐकून हसलोही होतो.

दोरीने सुरुवात केली. नायलॉनची ताणते, सुतळी काचते. शेवटी सामान बांधायचा बकलवाला पट्टा घेतला, साडेतीन मीटरचा, दोनशेच्या आत. किकच्या दोन्ही पायांच्या पुढून, ते ड्रमला जिथे जोडलेत त्याच्या लगेच खालून वेढा घ्यायचा, दोन्ही टोकं जमिनीलगत मागे आणायची आणि स्टूलाच्या मधल्या दांड्याला, तिन्ही पाय फुटतात तिथे, बकल लावायचं. नेहमीच्या अंतरावर बसून मगच ताणायचं, तेही हलकं. पहिल्यांदा मी आवळून टाकलं, तर किकच उलटी माझ्याकडे आली. स्नेअरच्या स्टँडचा पाय पट्ट्यावर येऊ देऊ नका.

पट्ट्यात उणं नाही असं नाही. तो फक्त किक धरतो. हाय-हॅट डावीकडे सरकते ती सरकतेच. तिच्या पायांखाली मी ट्रकच्या ट्यूबचे तुकडे ठेवतो. फ्लोअर टॉमला माझ्या वाजवण्यात काही होत नाही, जोरात वाजवणाऱ्यांचं वेगळं असू शकेल. खुणा नसल्यामुळे मांडणीला पाच-सात मिनिटं जास्त जातात. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून खाली एखादी सतरंजी लागते, ती बहुतेक ठिकाणी मागितली की मिळते. आणि दिसायला म्हणाल तर गाय बांधल्यासारखं दिसतं, आमचा कीबोर्डवाला अजून हंबरतो.

पण गेल्या दोन सीझनमध्ये एकदाही किक ओढून घ्यावी लागलेली नाही. अक्षता असोत, पाकळ्या असोत, कुणाचा सांडलेला मठ्ठा असो. पट्ट्याला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. शिवाय तो झांजांच्या बॅगेच्या कप्प्यात मावतो. तुमच्याकडे गाडी असेल आणि स्टेज मोठी मिळत असतील, तर गालिच्याला मी नाही म्हणणार नाही. स्टूल त्याच्यावरच राहील एवढं बघा. जमलं तर दोन्ही ठेवा. माझा गालिचा सध्या घरी रियाजाच्या पॅडखाली आहे, आणि तिथे तो छान काम करतो.

एक मात्र सांभाळा. मध्यंतरात कुणीतरी उत्साहाने 'दादा, जरा स्टूल घेतो' म्हणून ते उचलून नेतं, आणि मागोमाग किक येते. मी आता बकलाला लाल फडकं बांधून ठेवलंय.