संगीत नाटकांची माहिती ऑनलाइन शोधताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

किर्लोस्कर मंडळीपासून गंधर्व नाटक मंडळीपर्यंतच्या संगीत नाटकांची माहिती काढायला सध्या तीन साधने घरबसल्या मिळतात: खुल्या डिजिटल संग्रहांतली स्कॅन केलेली नाटके, जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरून उतरवलेल्या ऑडिओ फायली आणि मराठी विश्वकोश. आठ महिने तिन्ही रोज वापरल्यावर मत असे झाले की साहित्य अपेक्षेपेक्षा खूप जास्त आहे, पण केवळ शोधपेटीत नाव टाकून बसलात तर त्यातले बरेचसे तुमच्यासमोर येतच नाही. ते कुठे दडते आणि बाहेर कसे काढायचे, ते लिहितो.

पहिली अडचण शीर्षकाची. जुन्या स्कॅनांची नावे बहुधा रोमन लिपीत नोंदलेली असतात आणि त्यात एकवाक्यता नसते. ‘संगीत’ कधी दोन ई घालून, कधी एक आय घालून. शेवटचा ए कधी आहे, कधी नाही. त्यातून एकच नाटक ‘मानापमान’ आणि ‘संगीत मानापमान’ अशा दोन ठिकाणी सापडते. नाटककाराचे आडनाव, वडिलांचे नाव, ‘कृत’ हा शब्द, सगळे एकाच रकान्यात कोंबलेले असते. म्हणून शीर्षकातला सर्वांत वेगळा दिसणारा तुकडाच घ्यावा, तो चार-पाच प्रकारे लिहून पाहावा आणि भाषेची चाळणी सुरुवातीला लावू नये, कारण कितीतरी मराठी पुस्तके हिंदी किंवा संस्कृत म्हणून नोंदलेली आहेत.

मजकुरात शोधायचे असेल तर जुने शुद्धलेखन डोक्यात ठेवावे लागते. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘तें’, ‘केलें’ असेच आहे, त्यामुळे ‘नाही’ शोधले तर ‘नाहीं’ येईलच असे नाही. ओसीआरची, म्हणजे प्रतिमेतली अक्षरे ओळखून मजकूर बनवणाऱ्या यंत्रवाचनाची, भर वेगळी: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या जोड्या हमखास बदलतात, जोडाक्षरे तुटतात. पदाची पूर्ण ओळ कधीही टाकू नका. जोडाक्षर नसलेला, या जोड्यांपैकी अक्षर नसलेला एखादा शब्द निवडा. अनेक जुन्या फायलींना ओसीआर केलेलेच नसते. तिथे पीडीएफ उतरवून ३०० डीपीआयच्या प्रतिमा कराव्यात आणि टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅमला मराठी डेटा देऊन स्वतः वाचून घ्यावे. निकाल स्वच्छ येत नाही, पण पान शोधण्यापुरता पुरतो.

आता खरा ठेवा. पुस्तक उघडल्यावर थेट पहिल्या अंकावर जाऊ नका. शीर्षकपान आणि त्यामागचे पान नीट वाचा. तिथे आवृत्ती, छापखाना, प्रतींची संख्या, आण्यांतली किंमत आणि बहुधा ‘सन १८६७ चा आक्ट २५’ प्रमाणे रजिस्टर केल्याची ओळ असते. ही ओळ म्हणजे नुसती शोभा नव्हे. याच कायद्याखाली मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही सरकारी याद्या निघत, आणि त्यात नाव, मुद्रक, पृष्ठसंख्या, आवृत्ती, प्रती, किंमत असे रकाने असत. पुस्तकावरचे साल फाटून गेले असेल तर या यादीतून ते मिळू शकते.

आवृत्तीकडे इतके लक्ष का द्यायचे? कारण प्रयोगात पदे वाढत, गळत आणि नंतरच्या आवृत्तीत तो बदल छापला जाई. सातव्या आवृत्तीत पद आहे म्हणून ते पहिल्या प्रयोगात होते असे म्हणता येत नाही. पहिली आणि नंतरची अशा दोन आवृत्त्या शेजारी उघडून पदांची सूची ताडून पाहा. कोणत्या अंकात भर पडली ते तासाभरात कळते.

पदाच्या डोक्यावरची बारीक अक्षरांतली ओळ ही माझ्या मते या सगळ्या संग्रहातली सर्वांत मोलाची जागा. राग, ताल आणि ‘चाल’ असे तीन तपशील तिथे असतात. ‘चाल’पुढे एखाद्या चीजेचे (शास्त्रीय बंदिशीचे), लावणीचे किंवा आधीच्या नाटकातल्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. पद कोणत्या मुशीतून आले ते यावरून समजते. तालाच्या जागी ‘त्रिवट’ दिसले तर तो आजचा तीनताल समजावा. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांवर मात्र अनेकदा राग नसतो, कारण ती वृत्ते-जाती ठरलेल्या चालीवर म्हटली जात; राग छापायचा राहून गेला असा अर्थ काढू नये.

तारखांच्या बाबतीत घाई नडते. ‘सौभद्र’साठी कुठे १८८२ दिसते, कुठे १८८३, आणि दोन्ही चूक नाहीत: १८ नोव्हेंबर १८८२ चा प्रयोग तीन अंकांचा होता, पाचही अंक १८८३ मध्ये रंगभूमीवर आले. ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८०चा. त्याची बातमी केसरीत शोधत बसू नका, केसरी निघाला तोच ४ जानेवारी १८८१ ला. त्या काळासाठी ‘ज्ञानप्रकाश’ पाहावा. प्रस्तावनेखाली शके असेल तर ७८ मिळवा, पण तारीख १ जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानची असेल तर ७९. एक वर्षाच्या कितीतरी चुका इथूनच जन्मतात.

नाटककार आणि पदकार एकच धरणे ही दुसरी नेहमीची चूक. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचे, पण पदे वि. सी. गुर्जरांची. २३ जानेवारी १९१९ ला गडकरी गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आले. ऑनलाइन गाण्याखाली मात्र गीतकार म्हणून सर्रास गडकरी लिहिलेले असते. चालींचेही तसेच: ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे, ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले, गायक बालगंधर्व म्हणून संगीतही त्यांचेच, असे होत नाही.

तबकड्यांच्या फायली ऐकताना आधी लेबलचा फोटो आहे का ते पाहा. नसेल तर त्या फायलीवरून रागाशिवाय काही ठरवू नका. लेबलवर एक कॅटलॉग क्रमांक असतो, तो तबकडीचा. दुसरा मॅट्रिक्स क्रमांक, लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला, तो त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाचा. तबकडी नव्या कॅटलॉग क्रमांकाने पुन्हा निघाली तरी मॅट्रिक्स तोच राहतो. दोन फायली म्हणजे दोन वेगळी गायने की एकाचेच पुनर्मुद्रण, हे इथेच सुटते. साथीदारांची नावे लेबलवर सहसा नसतात, म्हणून तबल्यावर थिरकवाँ असे कुणी खाली लिहिले असेल तर आधार मागावा.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत अर्धा तास रंगणारे पद तिथे आवळून गायलेले असते, हे विसरून त्यावरून गायकीचा विस्तार मोजणे अन्यायाचे.

वेगाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विजेवरचे ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या, म्हणजे साधारण १९२५ पूर्वीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झाल्याच असतील असे नाही. ७४ ला मुद्रित झालेली ७८ ला वाजवली तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो: पेटीवरच्या काळी एकचा षड्ज पांढरी दोनजवळ जातो, लय वाढते, आवाज पातळ आणि कोवळा वाटतो. मग ‘त्या काळी गळेच असे होते’ असा समज पसरतो. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्त्यांत ‘चेंज स्पीड अँड पिच’) घेऊन ०.९४९ पट करून पाहा. ‘चेंज पिच’ वापरू नका, त्याने लय तशीच धावत राहते. बरोबर वेग कोणता ते पेटीच्या पट्टीवरून आणि शब्दोच्चार सहज वाटतात का यावरून ठरवावे. दोन्ही जुळले तरच.

मराठी विश्वकोश सुरुवातीला पाहावा. वीस खंडांतल्या लेखांखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ असतात, पुढचा माग तिथून लागतो. पहिला खंड १९७६चा आहे, तेवढे मनात धरून वाचावे.

हक्कांबद्दल थोडेसे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर (मृत्यू १९४८) खुले झाले आहेत. अत्रे (मृत्यू १९६९) १ जानेवारी २०३० ला होतील. त्यामुळे अत्र्यांचे नाटक पूर्ण उतरवता येत नसेल तर ती तांत्रिक बिघाडाची बाब नाही.

गहाळ पाने हा शेवटपर्यंत छळणारा दोष. बांधणी सैल झालेल्या पुस्तकातून १६ पानांचा अख्खा फर्मा निसटलेला असतो, आणि स्कॅनचा पानक्रमांक सलग धावत असल्याने ते कळत नाही. छापील क्रमांकच पाहत चला आणि टिपणातही तोच लिहा. फर्मा नाहीच असे दिसले तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) गाठावे. जाताना नाटकाचे नाव, आवृत्ती, छापखाना आणि हवी असलेली छापील पाने एका चिठ्ठीवर लिहून न्या. नुसते ‘जुने सौभद्र हवे’ म्हटले तर हाती बहुधा अलीकडची आवृत्तीच येते.