पाच महिने क्लाउडवर: गुळाच्या अडतीचा हिशेब आणि एका पत्त्याचे भाडे

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील आमच्या गुळाच्या अडत दुकानाचे हिशेबाचे ॲप्लिकेशन पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या यंत्रावर (सर्व्हरवर) चालते. गेल्या आठवड्यात ऐन सौद्याच्या वेळी ते बंद पडले आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) हाताने लिहाव्या लागल्या. त्या रागाच्या भरात हे लिहायला घेतले.

दोष क्लाउडचा नव्हता, हे आधी कबूल करतो. 20 जीबीची डिस्क काठोकाठ भरल्याने पोस्टग्रेसला (नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसला) नवी नोंद लिहिता येत नव्हती आणि त्यातले 14 जीबी डॉकरच्या (ॲप्लिकेशन ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीच्या) एकाच लॉग फाइलने, म्हणजे कामकाजाच्या नोंदवहीने, अडवले होते. डॉकर मुळात लॉगच्या आकाराला मर्यादा घालत नाही. ती आपणच घालायची असते. मी 10 एमबीच्या तीन फाइलींची मर्यादा घालून डॉकर पुन्हा सुरू केले आणि निश्चिंत झालो. परंतु ही मर्यादा फक्त नव्याने तयार केलेल्या कंटेनरना लागू होते, जुना कंटेनर पूर्वीसारखाच लिहीत राहतो, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आले.

त्याआधीची फजिती पूर्णपणे माझीच होती. रात्री यंत्र बंद ठेवले तर त्याचे तासाचे भाडे थांबते (डिस्कचे थांबत नाही), म्हणून रात्री 9 ला बंद आणि सकाळी 6 ला सुरू असे वेळापत्रक लावले. पण ते यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, चालत असल्याने यंत्र मध्यरात्रीनंतर अडीचला बंद झाले आणि सकाळी साडेअकराला, सौदे उरकल्यावर, जागे झाले. आता वेळापत्रकात 15:30 आणि 00:30 असे लिहिले आहे.

या सगळ्यापेक्षा मला खुपली ती बिलातली एक ओळ: सार्वजनिक आयपी पत्त्याचे, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ज्या आकड्याने सापडते त्याचे, भाडे. तासाला अर्धा सेंट दर आहे. महिन्याचे 730 तास धरले तर 3.65 डॉलर, म्हणजे तीनशेहून अधिक रुपये, वर 18 टक्के जीएसटी. यंत्र रात्री झोपले तरी राखून ठेवलेल्या पत्त्याचे भाडे चालूच. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीचा पत्ता 32 बिटांचा असल्याने जगात असे पत्ते सुमारे 429 कोटीच होऊ शकतात आणि त्यांचा मध्यवर्ती साठा 2011 सालीच संपला, हे कारण मला मान्य आहे. तरीही एका आकड्याचे भाडे भरणे माझ्या जिवावर येते. याबद्दल विचारणा केली तेव्हा ग्राहकसेवेने दरपत्रकाचा दुवा पाठवला आणि तांत्रिक सल्ला हवा असल्यास वेगळी मासिक योजना घ्या, असे कळवले.

तेव्हा सगळे गुंडाळून दुकानातल्या जुन्या संगणकावर परत जायचे मी ठरवलेच होते. सोडण्यापूर्वी रात्रीचा बॅकअप उघडतो का, हे पाहण्यासाठी नवे यंत्र घेऊन त्यावर तो चढवला. पंचवीस मिनिटांत आदल्या रात्रीपर्यंतचा गुळाचा प्रत्येक रवा (ढेप), प्रत्येक उचल जागच्या जागी दिसली. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क गेली होती तेव्हा चार दिवस गेले होते आणि दोन महिन्यांचा हिशेब वह्यांवरून पुन्हा भरावा लागला होता. मत बदलले ते तिथे. चाचणीचे यंत्र काढून टाकताना त्याची डिस्कही आठवणीने वेगळी हटवली, नाहीतर तिचेही भाडे लागले असते.

पत्त्याचे भाडे न भरण्याचा हट्ट मात्र सुटला नाही. सर्व्हरला केवळ आयपीव्ही6 (मुबलक पत्ते असलेली नवी पद्धत) ठेवले आणि दुकानाच्या ब्रॉडबँडवर फक्त आयपीव्ही4 असल्याने पुढे एक मोफत प्रॉक्सी, म्हणजे दोन्ही पद्धतींत दुवा साधणारी मध्यस्थ सेवा, बसवली. ॲप्लिकेशन सुरळीत उघडू लागले. पण आमचा कोड जिथे ठेवलेला आहे ते संकेतस्थळ आयपीव्ही6 वर पोहोचत नसल्याने सर्व्हरला नवा कोड स्वतःहून खेचता येईना. आता प्रत्येक बदल मी लॅपटॉप मोबाइलच्या इंटरनेटला (तिथे आयपीव्ही6 चालते) जोडून हाताने चढवतो. या जुळवाजुळवीत आठवडा गेला. वडिलांनी विचारले, “तीनशे रुपयांपायी आठ दिस घातलास व्हय रं?” उत्तर दिले नाही, पण तो पत्ता मी परत घेतलेला नाही.