नाव चॅप्लिनचं, पण घ्या मेबल नॉर्मंडसाठी

'चॅप्लिन ॲट कीस्टोन' (कीस्टोन म्हणजे चार्ली चॅप्लिन तेव्हा काम करायचा तो विनोदी सिनेमांचा स्टुडिओ) हा चार डीव्हीडींचा सेट शेवटी मागवलाच. स्वस्त नाहीये आणि कुरियरवाल्याने डबा चेपून आणला ते वेगळंच, पण डिस्क शाबूत निघाल्या. सगळे सिनेमे १९१४ चे, म्हणजे चार्लीचं सिनेमातलं पहिलंच वर्ष, आणि खरं सांगू का, सुरुवातीला तो चाचपडतोय आणि शेजारी जी आधीच मुरलेली आहे ती नटी मेबल नॉर्मंड, वय फक्त २१!

'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकामेंट' लावा. ती ढगळ पँट, ती काठी चार्लीने पहिल्यांदा ह्याच शूटिंगला घेतली (थिएटरात मात्र ह्याच वेशातला त्याचा दुसरा सिनेमा दोन दिवस आधी लागला) आणि डायरेक्टर कोण, तर मेबल. हॉटेलात ही बाई नाइटड्रेसवर कुत्र्याशी खेळता खेळता खोलीबाहेर अडकते, मागे दार बंद, समोर झिंगलेला चार्ली, मग काय, घुसली दुसऱ्याच्या खोलीत पलंगाखाली. बाकीचे सगळे हातवारे करकरून दमतात, ही नुसते डोळे फिरवते आणि आपल्याला कळतं आता हिची कशी तंतरलीये.

'मेबल ॲट द व्हील'च्या वेळी दोघांचं चांगलंच वाजलं होतं, चार्लीला पाण्याच्या पाइपची गंमत घालायची होती, मेबल म्हणाली वेळ नाही, तर हा रुसून रस्त्याकडेला बसला. त्याने स्वतःच लिहिलंय हे. सिनेमा तसा बरा आहे, पण मोटारसायकलवरून मेबल चिखलात पडते तो शॉट मी रिवाइंड करून पाहिला.

'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' मला लांबलेला वाटला. पण त्यात ही दोघं चोरीचे पैसे घेऊन सिनेमा बघायला जातात आणि पडद्यावर चोरांचीच गोष्ट, तिथे मेबलचा चेहरा हळूहळू उतरत जातो, तेवढ्यासाठी बघाच.

प्रिंट खूप मेहनतीने साफ केल्यात, काहींत ओरखडे आहेत, चालायचंच, शंभर वर्षांचा माल आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, तिची पुढची करिअर यात नाही. १९१८ चा 'मिकी', १९२३ चा 'द एक्स्ट्रा गर्ल' (सिंहाला दोरी बांधून फिरवते, तो!) वेगळे शोधावे लागतील. १९२२ मध्ये विल्यम डेस्मंड टेलर ह्या डायरेक्टरचा खून झाला, त्या संध्याकाळी ही त्याच्याकडून नुकतीच निघाली होती, झालं, पेपरवाल्यांनी झोडपलं. खुनी आजतागायत सापडलेला नाही. १९३० मध्ये टीबीने गेली, ३७ व्या वर्षी.

सेट घेतलात तर क्रमाने बघत बसू नका. आधी 'मेबल्स मॅरीड लाईफ' लावा, घरी लहान पोरं असतील तर नक्कीच, कारण दारू पिऊन आलेला चार्ली बॉक्सिंगच्या पुतळ्याशी भांडतो तिथे माझा पुतण्या हसून हसून सोफ्यावरून खाली आला.