ऑक्सिमीटर: पाच महिन्यांच्या वापरानंतर, आणि तो उलटा आकडा

दुकानदारानं परवा स्पष्टच सांगितलं, "बंद पडला असेल तर बदलून देतो. आकडा उलटा दिसतो हा काही बिघाड नव्हे." घरी येऊन तडक लिहायला बसले.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन (टक्क्यांत) आणि नाडी दाखवणारा हा डबा जूनमध्ये डिचोलीच्या बाजारात 850 रुपयांना घेतला. शेजारीच 1,600 चा होता. त्यात बटण दाबलं की आकडे फिरतात, मला दिसलेला फरक तेवढाच. त्यासाठी साडेसातशे कशाला घालवायचे म्हणून स्वस्तातला उचलला.

जुलैत बाबांना ताप, खोकला. वय 74, त्यात पावसाळ्यात छाती भरतेच. डॉक्टर म्हणाले, दिवसातून चार वेळा बघा, वहीत लिहा. 94 च्या खाली गेलं तर फोन करा, 90 च्या खाली गेलं तर थेट इस्पितळ.

आकडे बाबांना सरळ दिसतात, समोर बसणाऱ्याला उलटे. वर ऑक्सिजन, खाली नाडी. तिसऱ्या रात्री वीज गेली होती. काळोखात लाल आकडे पेटले: वर 86, खाली 96. माझे हातपाय गळाले. 108 लावायला फोन उचलला, तर बाबा एका दमात म्हणाले, "एवढ्या रात्री कोणाला फोन करतेस गो?" ज्याला धाप लागलीय तो असा बोलत नाही. टॉर्च मारला तेव्हा डब्यावरची, कुठला आकडा कशाचा ते सांगणारी बारीक अक्षरं दिसली. खरा ऑक्सिजन 96, नाडी 98. उलट बाजूनं बघितलं की खालची ओळ वर जाते, 98 चा 86 होतो आणि 96 मात्र 96 च राहतो!

त्या रात्री झोप लागली नाही. वहीच्या मागच्या पानावर आकडे उलटसुलट मांडून बघितले. ऑक्सिजन 89 आणि नाडी 86 असेल तर माझ्या बाजूनं दिसणार 98 आणि 68. धडधाकट माणसाचे आकडे! म्हणजे माणूस इस्पितळात न्यायच्या अवस्थेत असताना मी "छान आहे" असं लिहून झोपले असते. साडेसातशे वाचवून मी हे विकत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी याला दोनच तारे दिले असते. आता तसं म्हणवत नाही. नवव्या दिवशी ताप उतरला, बाबा पेज मागून जेवले, बसून 95. तरी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहा मिनिटं सोप्यावरून विहिरीपर्यंत फेऱ्या मारायला लावल्या आणि लगेच लावून बघितला: 91. पाच मिनिटं बसवून पुन्हा, 93. "मला काही होत नाही," हेच बाबांचं पालुपद. त्याच संध्याकाळी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. न्यूमोनिया निघाला, सहा दिवस ठेवलं. तोंडावरून काहीच कळत नव्हतं. कळलं ते या डब्यामुळे.

एक मात्र सांभाळा. बोट गार असेल तर आकडा खोटा येतो. हा लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवून नाडीबरोबर रक्तात किती शोषला जातो ते मोजतो; गारठ्यानं बोटातलं रक्त कमी झालं की त्याला नाडीच नीट सापडत नाही. गार पाण्यानं हात धुतल्यावर बाबांचा एकदा 89 आला, हात चोळून ऊब आणली तर 95. बोट हलवू नका आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा.

चवथीला सगळ्या गोतावळ्यानं बोटं घालून बघितली. मावशीच्या नखाला गडद नेलपॉलिश, तिथं नुसत्या रेघा. तिचीच बाटली मागून घेतली आणि डब्याच्या वरच्या टोकाला लाल ठिपका दिला. ठिपका माझ्यापासून लांब नसेल तर आकडा वाचायचा नाही, हा घरचा नियम.

नवा घेणारच आहे, 1,600 चा. दुकानात बोट घाला, समोरच्या बाजूला जाऊन बघा, मगच पैसे द्या. काल रात्री बाबांचे आकडे 97 आणि 74. ठिपका वर होता, तरी मी टॉर्च मारून अक्षरं वाचली.